एकाच तापाचे दोन अर्थ

ज्या घरातल्या मुलावर रक्ताच्या कर्करोगाचे उपचार चालू असतात, त्या घरात थर्मामीटरची जागा ठरलेली असते. रात्री दोन वाजता दिवे गेलेले असले तरी आईचा हात बरोबर तिथेच जातो. केमोथेरपीने कर्करोगाच्या पेशी मरतात, तशाच अस्थिमज्जेत तयार होणाऱ्या चांगल्या पांढऱ्या पेशीही मरतात. त्यांतल्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशी जंतूंशी पहिला सामना करतात. त्यांची संख्या फार घटली की साधा जंतूही काही तासांत रक्तात पसरू शकतो. म्हणून या पालकांना पहिल्या आठवड्यातच एक नियम पाठ करायला लावतात. ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला की वाट पाहायची नाही, पॅरासिटॅमॉल देऊन सकाळ उजाडू द्यायची नाही, थेट रुग्णालय गाठायचे. तिथे पोहोचल्यावर तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हायला हवे. रक्ताचे अहवाल मागाहून आले तरी चालतात.

मार्च २०२० मध्ये त्याच तापाला दुसरा अर्थ आला. ताप आलेल्या माणसाने घरी थांबायचे, इतरांपासून दूर राहायचे, तापाच्या वेगळ्या बाह्यरुग्ण विभागात जायचे, घशातला स्वॅब द्यायचा आणि अहवालाची वाट पाहायची. साथीच्या दृष्टीने हे बरोबरच होते. पण न्यूट्रोफिल संपलेल्या चार वर्षांच्या मुलासाठी ‘अहवाल येईपर्यंत थांबा’ हे वाक्य विषाणूपेक्षा धोकादायक ठरू शकत होते. शिवाय दारावरच्या रखवालदाराला, तपासणी नाक्यावरच्या पोलिसाला किंवा पीपीई किट घालून बसलेल्या नवख्या डॉक्टरला हा फरक एका दृष्टिक्षेपात कळणार कसा? लहान मुलांच्या कर्करोगावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांची साथीतली बरीच शक्ती हा फरक सगळ्यांना समजावण्यातच गेली.

मुलांचा कर्करोग मोठ्यांच्या कर्करोगासारखा नसतो. तो तंबाखूने होत नाही आणि बहुतेक वेळा त्याचे कारणही सापडत नाही. त्यासाठी मॅमोग्राफीसारखी चाळणी चाचणी नाही. तो वेगाने वाढतो, पण वेळेवर आणि पूर्ण उपचार झाले तर मोठ्यांच्या मानाने खूप जास्त प्रमाणात बरा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी शून्य ते १९ वयोगटातील सुमारे चार लाख मुलांना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यांतली ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात. अनेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे. औषधे बहुतांशी तीच आहेत आणि बरीचशी जुनी व स्वस्त आहेत. फरक पडतो तो निदान उशिरा होण्याने, उपचार मध्येच सुटण्याने आणि उपचारादरम्यानच्या संसर्गांनी. ही दरी कमी करण्यासाठी आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये जागतिक मोहीम सुरू केली होती. २०३० पर्यंत जगभर किमान ६० टक्के मुले वाचावीत, हे तिचे उद्दिष्ट. त्यानंतर दीड-दोन वर्षांत साथ आली आणि तिने नेमके याच तिन्ही दुखऱ्या जागांवर बोट ठेवले.

सुरुवातीच्या आठवड्यांत डॉक्टरांकडे पुरावा जवळजवळ नव्हताच. केमो घेणाऱ्या मुलाला हा विषाणू झाला तर काय होईल, हे कुणालाच माहीत नव्हते. युरोपातील तज्ज्ञांनी घाईघाईने २५ देशांतील केंद्रांकडून माहिती मागवली. दोनशेहून थोड्या अधिक मुलांची चाचणी झाली होती. नऊ मुले बाधित निघाली आणि त्यांतल्या बहुतेकांचा आजार सौम्य होता. नऊच मुले, पण त्या दिवसांत तेवढाही आधार मोठा होता. त्या पाठोपाठ बालकर्करोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी एकत्रितपणे सल्ला प्रसिद्ध केला. तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, बर्किट लिम्फोमा, हॉजकिन लिम्फोमा, डोळ्यातला रेटिनोब्लास्टोमा, मूत्रपिंडाचा विल्म्स ट्यूमर आणि मेंदूतला मंद वाढणारा ग्लायोमा या सहा आजारांबद्दल त्यात तपशीलवार सूचना होत्या. सल्ल्याचा रोख स्पष्ट होता : निदानाला उशीर करू नका आणि बरे होण्याची शक्यता घटेल असा बदल उपचारांत केवळ भीतीपोटी करू नका.

हे लिहायला सोपे होते. मोठ्यांच्या काही कर्करोगांत शस्त्रक्रिया दोन महिने पुढे ढकलून तोवर गोळ्यांवर भागवता येते. बर्किट लिम्फोमाची गाठ मात्र एक-दोन दिवसांत दुप्पट होऊ शकते. तिथे ‘टाळेबंदी उठल्यावर या’ असे सांगता येत नाही.

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने दारे उघडी ठेवायचे ठरवले. २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या काळात, म्हणजे मुंबईत भीतीचा पारा सर्वांत वर असताना, तिथे कर्करोगाच्या ४९४ मोठ्या नियोजित शस्त्रक्रिया झाल्या. शस्त्रक्रियेनंतर एकही मृत्यू झाला नाही. यात सर्व वयाचे रुग्ण होते. काळजी घेतली तर साथीतही उपचार होऊ शकतात, हे या आकड्यांनी दाखवले आणि इतर केंद्रांना धीर दिला. प्रश्न होता तो रुग्णाने तिथवर पोहोचायचे कसे, हा.

टाटाच्या आसपासचा परिसर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. देशभरातून आलेली कुटुंबे पिशव्या, फाइली आणि स्टोव्ह घेऊन जवळच्या फूटपाथवर, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत, नातेवाइकांच्या दहा बाय दहाच्या खोलीत महिनोन्‌महिने राहतात. कॉटन ग्रीनला सेंट ज्यूड इंडिया या संस्थेची केंद्रे आहेत. उपचार घेणारी मुले पालकांसह तिथे मोफत राहू शकतात. उपचार मध्येच सोडून देण्याचे प्रमाण कमी करायचे, तर औषधाइतकाच निवाराही लागतो, हे या क्षेत्रातल्या लोकांना साथीच्या कितीतरी आधी कळले होते. २४ मार्चच्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा लोकल आणि लांब पल्ल्याच्या गाड्या आधीच थांबल्या होत्या. मुंबईत असलेली मुले मुंबईत अडकली. दोन केमोंच्या मधल्या सुट्टीत गावी गेलेली गावी अडकली. अडकलेल्यांत दुसऱ्यांची काळजी जास्त होती. बापाची रोजंदारी बंद, एसटी बंद, जिल्ह्याची हद्द ओलांडायला परवानगी हवी आणि त्या परवानगीच्या अर्जात ‘अत्यावश्यक कारण’ म्हणून काय लिहायचे, हे कुणीतरी फोनवर सांगायला हवे. तसे पत्र लिहून देणे, ते व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणे, पोलिसांनी अडवले तर त्यांच्याशी बोलणे हे त्या काळात डॉक्टर आणि समाजसेवकांचे रोजचे काम होऊन बसले.

राष्ट्रीय कर्करोग ग्रीडमधील ४१ केंद्रांनी नंतर आपले आकडे एकत्र केले. मार्च ते मे २०१९ या तीन महिन्यांत तिथे १,१२,२७० नवे रुग्ण नोंदले गेले होते. २०२० च्या त्याच तीन महिन्यांत ५१,७६० नोंदले गेले. घट ५४ टक्के. हे आकडे सर्व वयोगटांचे आहेत. पण मुलांच्या बाबतीत चित्र वेगळे नव्हते, हे दुसऱ्या एका पाहणीतून दिसते. ७९ देशांतील २१३ रुग्णालयांच्या त्या पाहणीत सुमारे ४३ टक्के केंद्रांनी मुलांच्या कर्करोगाची नवी निदाने कमी झाल्याचे सांगितले. एक तृतीयांश केंद्रांत उपचार अर्धवट सुटण्याचे प्रमाण वाढले. सात टक्के ठिकाणी तर मुलांचा कर्करोग विभागच काही काळ पूर्ण बंद ठेवावा लागला. निदाने कमी झाली म्हणजे आजार कमी झाला नव्हता. पाय दुखतो, मूल पांढरे पडले आहे, अंगावर निळे डाग येताहेत अशा तक्रारी घेऊन एरवी जे पालक तालुक्याच्या डॉक्टरकडे गेले असते, ते घरीच राहिले होते. काही डॉक्टरांचे दवाखानेही बंद होते.

रेटिनोब्लास्टोमाचे उदाहरण बोलके आहे. हा दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या डोळ्याच्या पडद्यातला कर्करोग. पुष्कळदा तो आधी आईला दिसतो. मुलाच्या बुबुळात मांजराच्या डोळ्यासारखी पांढरी चमक दिसते. हल्ली मोबाइलवर फ्लॅश टाकून काढलेल्या फोटोतही ती पकडली जाते. लवकर आले तर लेझर, केमो वगैरे करून डोळाही वाचवता येतो. काही महिने उशीर झाला तर जीव वाचवण्यासाठी डोळा काढावा लागतो आणि त्याहून उशीर झाला तर आजार डोळ्याच्या नसेतून मेंदूकडे सरकतो. २०२० मध्ये नेत्रशिबिरे थांबली, अंगणवाड्या बंद झाल्या, लसीकरणाच्या वेळी सिस्टरच्या नजरेला पडण्याची संधीही काही काळ गेली. फोटो काढणारे मोबाइल मात्र घरोघर होते. त्या चमकीचा अर्थ सांगणारे कुणी जवळपास नव्हते.

ल्युकेमियाच्या उपचारांचा एक भाग असा आहे की त्याने साथीत खरी मदत केली. हे उपचार साधारण दोन ते तीन वर्षे चालतात. पहिले काही महिने कडक असतात. नंतरच्या दीर्घ टप्प्यात मुलाला रोज मर्कॅप्टोप्युरीनची आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटची गोळी घरीच द्यायची असते. २५ मार्च २०२० रोजी केंद्राने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि फोनवरून सल्ला देण्याला पहिल्यांदा स्पष्ट नियमांचा आधार मिळाला. मग जवळच्या लॅबमध्ये रक्ततपासणी, अहवालाचा फोटो, फोनवर मात्रा, टपालाने किंवा ओळखीच्या माणसाबरोबर गोळ्या अशी साखळी तयार झाली. धोका इथेही होताच. मेथोट्रेक्सेट आठवड्याऐवजी चुकून रोज दिले गेले तर ते विष ठरते. म्हणून ‘कोणत्या वारी’ हे डॉक्टर आईकडून पुन्हा पुन्हा वदवून घेत.

या गोळीचा परळशी एक जुना धागा आहे. १९२८ मध्ये लुसी विल्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टर परळच्याच हाफकिन संस्थेत आल्या आणि मुंबईच्या गिरणी कामगार गर्भवतींमधल्या पंडुरोगाचा अभ्यास करू लागल्या. यीस्टच्या अर्कातला एक घटक या बायकांना बरे करतो, हे त्यांनी दाखवले. तो घटक म्हणजे पुढे ओळखले गेलेले फॉलिक आम्ल. अमेरिकेत येल्लाप्रगड सुब्बाराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फॉलिक आम्लाला अडवणारी रसायने तयार केली. १९४८ मध्ये बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी त्यांतल्या एकाने ल्युकेमियाच्या मुलांचा आजार काही काळ मागे हटवून दाखवला. मेथोट्रेक्सेट त्याच कुळातले. हाफकिन संस्था जिच्यामुळे जन्मली ती मुंबईची प्लेगची साथ, हेही जाता जाता आठवते.

रक्ताचा प्रश्न फोनवर सुटण्यासारखा नव्हता. केमो घेणाऱ्या मुलांना प्लेटलेट लागतात आणि त्या फार तर पाच दिवस टिकतात. म्हणजे साठा करता येत नाही. दाते सतत यावे लागतात. महाविद्यालये, कार्यालये, मंडळे बंद झाली आणि रक्तदान शिबिरे आटली. त्या २१३ रुग्णालयांपैकी सुमारे ६० टक्क्यांनी रक्तघटकांचा तुटवडा नोंदवला होता. त्या वर्षी लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला आणि रक्तदान व प्लाझ्मादानाचे शिबिर भरवले. परळ-लालबागच्या रुग्णालयांना ओळखणाऱ्यांना त्या निर्णयाचे मोल वेगळे सांगावे लागले नाही.

आता डॉक्टरांविषयी. मुलांचा कर्करोग विभाग हा एरवी इतका गंभीर आजार असूनही रुग्णालयातला सर्वांत गोंगाटाचा विभाग असतो. भिंतींवर चित्रे, खेळण्यांची खोली, सलाइनच्या स्टँडला धरून पळणारी मुले. पाठीतले पाणी काढताना मुलाला कुशीवर दुमडून धरायचे असते. तेव्हा कामाला येतो तो ओळखीचा चेहरा आणि ओळखीचा आवाज. पीपीई किटने दोन्ही काढून घेतले. तीन वर्षांच्या मुलाला पांढऱ्या पोशाखातले चार सारखेच आकार दिसतात, त्यांतला आपला डॉक्टरकाका कोणता हे कळत नाही. काही ठिकाणी डॉक्टरांनी किटवर आपले हसरे फोटो चिकटवले. गंमत अशी की मास्क, वारंवार हात धुणे, गर्दीत न जाणे, बाहेरचे न खाणे हे या मुलांना आणि पालकांना नवे नव्हतेच. बाकीच्या जगाला ते २०२० मध्ये शिकावे लागले.

सोबत एकच पालक, हा नियम सगळ्यांत जड गेला. मुलाला कर्करोग झाला आहे ही बातमी आई-बाप दोघांना समोर बसवून, वेळ देऊन, रडू देऊन सांगायची असते. साथीत ती आईला मास्कआडून आणि वडिलांना फोनवर सांगितली गेली. मूल दगावले तर गावाकडच्या आजी-आजोबांना शेवटचे पाहताही आले नाही. बालरोग विभागांतील निवासी डॉक्टरांना कोविड वॉर्डांत पाठवले गेले. राहिलेल्यांनी पाळ्या वाटून घेतल्या, म्हणजे एक गट आजारी पडला तरी दुसरा उभा राहील. कुणी महिनोन्‌महिने स्वतःच्या मुलांपासून वेगळ्या खोलीत राहिले. परिचारिका आणि वॉर्डातले कर्मचारी कल्याण-बदलापूर-विरारहून एसटी आणि बेस्टच्या बसने तासन्‌तास प्रवास करून येत, हेही या हिशेबात धरायला हवे. डॉक्टरांच्या कौतुकात ते नेहमी मागे पडते.

पण थकव्यापेक्षा निर्णयांचे ओझे मोठे होते. समजा, केमोच्या तारखेला मुलाचा कोविड अहवाल बाधित आला. त्याला लक्षण एकही नाही. केमो दिली तर प्रतिकारशक्ती आणखी खाली जाणार. थांबवली तर ल्युकेमिया डोके वर काढणार. अशा मुलांचा अहवाल आठवडेच्या आठवडे बाधितच येत राही, कारण विषाणूचे अवशेष त्यांच्या शरीरातून लवकर जात नाहीत. ८ मे २०२० च्या केंद्रीय धोरणाने सौम्य आजाराच्या रुग्णांना चाचणीशिवाय घरी सोडायला परवानगी दिली. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णांसाठी मात्र निगेटिव्ह अहवालाची अट ठेवली. अट समजण्यासारखी होती. पण त्यामुळे ‘किती दिवस थांबायचे’ हा प्रश्न प्रत्येक मुलापुरता नव्याने सोडवावा लागला, आणि तो सोडवणाऱ्या डॉक्टरला आपला निर्णय बरोबर होता की नाही हे एक-दोन वर्षांनी कळणार होते. अशा ताणाचे नाव फक्त ‘बर्नआउट’ ठेवून भागत नाही, असे मला वाटते. काय करायला हवे हे माहीत असून ते करता न येणे, ही वेगळी जखम आहे. त्याच जागतिक पाहणीत अनेक डॉक्टरांनी एक चांगली गोष्टही सांगितली : विभागांतला संवाद वाढला, शस्त्रक्रिया, रक्तपेढी, औषधालय, समाजसेवक एकमेकांशी रोज बोलू लागले.

पहिला भक्कम पुरावा २०२१ मध्ये आला. ४५ देशांतील १३१ रुग्णालयांनी कोविड झालेल्या १,३१९ कर्करोगग्रस्त मुलांची माहिती दिली. सुमारे २० टक्के मुलांना तीव्र आजार झाला आणि ३.८ टक्के कोविडने दगावली. म्हणजे पहिल्या नऊ मुलांवरून वाटला होता त्यापेक्षा धोका जास्त होता, आणि निरोगी मुलांच्या तुलनेत तर कितीतरी पट. पण अभ्यासातला सर्वांत बोचरा आकडा दुसराच होता. गरीब आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या मुलांना तीव्र आजार होण्याची शक्यता श्रीमंत देशांतल्या मुलांच्या जवळजवळ सहा पट निघाली. विषाणू तोच आणि कर्करोगही तेच. उपचार चालू असलेल्या निम्म्याहून अधिक मुलांच्या उपचारांत कोविडमुळे बदलही करावा लागला होता.

त्याच वर्षी आपल्याकडे दुसरी लाट आली आणि तिच्या मागोमाग म्युकरमायकोसिस. मे महिन्यात लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन बी बाजारातून गायब झाले. या इंजेक्शनचे नाव तेव्हा घरोघर पोहोचले, पण ल्युकेमियाच्या वॉर्डांत ते कित्येक वर्षांपासून रोजच्या वापरातले होते. केमोत बुरशीचा संसर्ग झालेल्या मुलांचा तो शेवटचा आधार. राज्यांना कोटा ठरवून वाटप सुरू झाले तेव्हा सगळ्यांच्या नजरा काळ्या बुरशीकडे होत्या. ज्यांना हे औषध आधीपासूनच लागत होते, त्यांना आता त्याच रांगेत उभे राहावे लागणार होते.

साथीने सुरू केलेल्या काही गोष्टी टिकवण्यासारख्या आहेत. गोळ्यांच्या टप्प्यातल्या मुलाने केवळ रक्ताचा अहवाल दाखवायला जळगाव किंवा गडचिरोलीहून परळला येणे, हा कुटुंबाच्या आठवड्याभराच्या मजुरीचा चुराडा आहे. ती तपासणी जिल्हा रुग्णालयात होऊन मोठ्या केंद्राने फोनवर मात्रा ठरवावी, एवढी व्यवस्था आपल्याला नक्की जमण्यासारखी आहे. मात्र फोन हा प्रवासाला पर्याय आहे, जवळच्या डॉक्टरला नव्हे. अशा मुलाला ताप आल्यावर पहिले प्रतिजैविक परळमध्ये टोचून चालत नाही. ते तालुक्यातच टोचावे लागते. त्यासाठी तिथल्या डॉक्टरला मुलाची माहिती आधीपासून हवी आणि त्याच्या औषधाच्या कपाटात ते इंजेक्शन हवे.

२०२० मध्ये उपचार सुरू झालेल्या मुलांच्या निदानाला आता पाच वर्षे उलटली. ल्युकेमिया उलटण्याचा बहुतेक धोका या काळात संपतो, म्हणून डॉक्टर हा टप्पा महत्त्वाचा मानतात. टाटामध्ये उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी १९९१ पासून स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग चालतो. वाढ, हृदय, शिक्षण, पुढे लग्न आणि मूल होण्याबद्दलच्या शंका असे सगळे तिथे पाहिले जाते. टाळेबंदीत फोनवर गोळ्यांची मात्रा विचारणाऱ्या आयांची मुले आता शाळेच्या गणवेशात अशा विभागांत येण्याच्या वयाची झाली आहेत. त्यांच्या नोंदी नीट पाहिल्या, तर २०२० मध्ये बदललेल्या आणि लांबलेल्या उपचारांतले कोणते बदल निभावले आणि कोणते अंगाशी आले, याचे उत्तर मिळू शकते. त्या वर्षी ज्यांची नोंदच झाली नाही, त्यांच्याबद्दल मात्र कोणत्याही रजिस्टरात काही सापडणार नाही.